न हलणारी कयाक कुठे मिळेल? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पहाटे कयाक, म्हणजे पॅडल मारत चालवायची एकदोघांची छोटी होडी, चालवण्याबद्दल दोन परिच्छेद काय लिहिले, पत्रांचा ढीगच आला. बहुतेकांचा सूर एकच, पडणार तर नाही ना आणि खिशाला झेपेल ना. पाच प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर फार लांबलंय, पण तोच प्रश्न सगळ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय म्हणून चालवून घ्या.

प्रश्न: दादा नमस्कार, मी इंदिरानगरला राहतो, वय ४१, वजन ८२ किलो (कमी करतोय). कोकणात एका रिसॉर्टवर अर्धा तास कयाक चालवली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये. बजेट ३५ हजार, त्याच्या वर गेलं तर घरात बोलणी बसतील. पोहता येतं पण जेमतेम, विहिरीत शिकलो त्याला २५ वर्षं झाली. मेव्हणा म्हणतो लांब आणि निमुळती घे, पळते चांगली. मला पळायचं नाहीये हो, फक्त ती हलली नाही पाहिजे. कुठली घेऊ?

उत्तर: मेव्हण्याला चहा पाजा आणि त्याचं ऐकू नका.

म्हणजे तो खोटं बोलत नाहीये, लांब आणि अरुंद बोट पळतेच. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमधे ज्या प्रकारात उतरला होता, सिंगल स्कल, ती बोट साधारण २६-२७ फूट लांब असते, पाण्याला टेकते तिथे जेमतेम फूटभर रुंद आणि वजन अवघं १४ किलोच्या आसपास. तिच्यात तुम्ही-मी नुसतं बसायला गेलो तरी डुबुक. आता ते रोइंग, त्यात पाठ पुढे करून जायचं आणि वल्ही बोटीला अडकवलेली असतात, आणि आपल्या कयाकमधे तोंड पुढे आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच पॅडल हातात, पण पाण्याचा हिशोब दोन्हीकडे सारखाच. वेग पाहिजे तर बूड डुगडुगणार, बूड घट्ट पाहिजे तर वेग विसरा. तुम्हाला दुसरं पाहिजे, विषय संपला.

पण "हलली नाही पाहिजे" हे मात्र सोडून द्या. हलणारच, पाणी आहे ते. दुकानदार "एकदम स्टेबल आहे सर" म्हणतो ना, त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे शांत पाण्यात बसल्या बसल्या वाटणारा घट्टपणा, जो रुंद सपाट तळाच्या बोटीत भरपूर असतो. दुसरी म्हणजे बोट एका अंगाला कलली की पुढे जाऊन ती धरते का. सपाट तळाची बोट पाटावर बसल्यासारखी वाटते पण ठराविक कोनाच्या पुढे गेली की काही न सांगता पालथी होते. इंग्रजी व्हीसारखा तळ असलेली बसताक्षणी डुगडुगते, नवशिक्याचा जीव वर-खाली होतो, पण कलल्यावर एका जागी येऊन टेकल्यासारखी धरते. धरणाच्या शांत पाण्यात, लाटा नाहीत, घाई नाही, तिथे पहिल्या प्रकारचा घट्टपणा जास्त कामाचा. त्यातही ज्या बोटीचा तळ दोन्ही कडांना फुगीर आणि मधे पन्हळीसारखा खोलगट असतो, दोन होड्या शेजारी चिकटवल्यासारखा, ती मिळाली तर डोळे झाकून ती घ्या.

आता माझं मत, यावर भांडायला मी तयार आहे. नवशिक्यासाठी स्थिर बोट म्हणजे न उलटणारी नव्हे, उलटल्यावर जिच्यावर आपल्या आपण परत चढता येतं ती. मी सुरुवातीला एक जुनी सिट-इन कयाक घेतली होती, म्हणजे ज्यात पाय आत घालून बसतात ती. दिसायला देखणी, रुंद, अजिबात हलायची नाही. धरणाकाठच्या गंगावऱ्हे गावाच्या बाजूला काठापासून दोनेकशे मीटर आत गेलो, मागे पडलेली पाण्याची बाटली घ्यायला वळलो आणि गेलो. पोहत होतो, लाइफ जॅकेट होतं, भीती नव्हती, पण बोटीत शंभर-दीडशे लिटर पाणी शिरलं होतं आणि ती अर्धी बुडालेल्या म्हशीसारखी नुसती पडून राहिली. चढायला गेलो की पुन्हा लोळायची. शेवटी दोरी दातात धरून, पाय मारत काठ गाठला तेव्हा पाऊण तास झाला होता आणि काठावर गुरं राखणारा पोरगा पूर्ण वेळ मजेत बघत बसला होता. पुढच्याच महिन्यात ती विकली.

त्यामुळे तुम्ही सिट-ऑन-टॉप घ्या, म्हणजे वर बसायची. ती आतून बंद पोकळ असते, आणि बसायच्या जागेतून तळापर्यंत आरपार भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. नवखे लोक ती भोकं बघून घाबरतात की पाणी वर येईल. थोडं येतं, पँट ओली होणार ती होणारच, पण वरून आलेलं पाणी त्यातूनच खाली जातं आणि बोट बुडत नाही. उलटली तर आधी ती सुलटी करायची, मग मधोमध येऊन दोन्ही हात पलीकडच्या कडेला, पाय मागे पाण्याच्या पातळीवर आणून जोरात मारायचे आणि पोट बोटीवर आडवं घालायचं, धाप लागते तिथे, दोन श्वास घ्यायचे, मग कूस वळवून बूड सीटवर आणि सगळ्यात शेवटी पाय. हात टेकून दंडाच्या जोरावर वर उठायला गेलात तर बोट अंगावर येईल, सगळे तीच चूक करतात. घेतल्यावर पहिल्या दिवशी फिरायला जाऊ नका, काठाजवळ छातीएवढ्या पाण्यात हे दहा वेळा करा. हसतील लोक, हसू दे.

मापं लिहून घ्या. लांबी ९ ते साडेदहा फूट, रुंदी ३० ते ३३ इंच. आठ फुटांच्या आतली बोट प्रत्येक पॅडलला नाक डावीकडे-उजवीकडे फिरवत चालते, सरळ जायचं नावच घेत नाही, आणि ३४ इंचांच्या वर गेलात तर हात कडेला घासतात. वजन पेलण्याचा आकडा जो लिहिलेला असतो ना, तो पूर्ण धरायचा नाही, त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंतच लोड टाकायचा, नाहीतर बोट खोल बसते आणि सीटमधे कायम तळं साचतं. तुम्ही ८२, पाणी-डबा-बॅग मिळून ६ धरू, झाले ८८. म्हणजे १२० किलोवाली तुम्हाला कमी पडते, १३० च्या पुढची बघा. "कमी करतोय" वर विसंबून बोट घेऊ नका, मीही २०१९ पासून कमी करतोय.

आणि एक गोष्ट जी कोणी विचारत नाही, ती उचलणार कोण? अशी प्लॅस्टिकची बोट २० ते २५ किलोची असते, म्हणजे अर्ध्या कांद्याच्या गोणीएवढी, पण गोणी खांद्यावर बसते तशी ही बसत नाही, दहा फूट लांब आणि धरायला निसरडी. दुकानात गेलात की आधी बसून बघू नका, आधी एकट्याने उचलून वीस पावलं चालून बघा. धरणाचं पाणी मे महिन्यात आत सरकतं, गाडी लावली तिथून पाण्यापर्यंत चिखल-दगडातून चालावं लागतं, आणि उचलवत नाही म्हणून पार्किंगमधे धूळ खात पडलेल्या दोन कयाक मला आपल्या नाशकातच माहिती आहेत. मेव्हण्याला इथे कामाला लावा.

कॅरियर नसेल तर टपावर जुन्या गादीचा फोम टाकून, बोट पालथी ठेवून, पट्ट्याने बांधा, आणि पुढचं-मागचं टोक बंपरखालच्या हुकला वेगळ्या दोरीने बांधाच. ट्रकवाले वापरतात तो खटक्याने आवळायचा पट्टा नको, त्याने जास्त आवळलं जातं आणि उन्हात तळाला खड्डा पडतो. पडलाच तर तळ वर करून मे महिन्यातल्या उन्हात ठेवा, बऱ्याचदा तो आपोआप परत भरून येतो.

राहिले पैसे. ३५ हजार बोटीवर उडवू नका, त्यातले सात-आठ हजार पॅडल आणि जॅकेटला बाजूला काढा. पॅडल २३० किंवा २४० सेंटिमीटर, कारण वर बसायच्या रुंद बोटीत आपण उंचावर असतो आणि आखूड पॅडल पाण्याला पुरत नाही. बोटीबरोबर फुकट मिळतं ते बहुतेकदा जड अॅल्युमिनियमचं असतं, तासाभराने खांदे बोलायला लागतात. बोट मध्यम आणि पॅडल हलकं, हे उलट्यापेक्षा केव्हाही परवडतं.

प्रश्न: बायकोला अजिबात पोहता येत नाही. तिला घेऊन जावं का? जॅकेट कोणतं? आणि दोन सीटवाली एकच घ्यावी की एकेकाची दोन? (पाथर्डी फाटा)

उत्तर: न्या की, पण जॅकेट नीट घ्या. जॅकेट पाण्यात किती जोराने वर उचलून धरतं, त्याचा आकडा त्यावर न्यूटनमधे असतो. ५० न्यूटनवालं हे पोहता येणाऱ्यांसाठी, जवळ मदत असेल तिथे वापरायचं, हात मोकळे राहतात म्हणून पॅडल मारणारे तेच घालतात. वहिनींना १०० न्यूटनवालं घ्या, थोडं जाडजूड वाटेल. घालून पट्टे आवळा आणि तुम्ही मागे उभं राहून दोन्ही खांद्यांना धरून वर ओढा, कानापर्यंत सरकलं तर माप चुकलंय, मोठं आहे. आकडाच नसलेलं, आत थर्मोकोलचे तुकडे असलेलं भगव्या रंगाचं स्वस्त जॅकेट घेऊ नका, ते फोटोपुरतं असतं. आणि घातलेलं असलं तरच जॅकेट, सीटखाली खोचलेलं नाही.

दोन सीटवाली पैशाला परवडते, पण ती एकट्याला उचलता येत नाही आणि एकट्याने चालवायला वैताग. मागच्याने पुढच्याची लय धरायची असते, जड माणूस मागे, नाहीतर नाक पाण्यात खुपसतं. पुढचा थांबला की मागचाही थांबतो नाहीतर पॅडलवर पॅडल आपटतात. कोण मागे बसणार हे घरूनच ठरवून या, धरणावर आवाज फार लांबपर्यंत जातो.

प्रश्न: कोकणातल्या एका रिसॉर्टचा मालक जुन्या कयाक काढतोय, निम्म्याहून कमी किमतीत देतो म्हणतोय. सिन्नरहून जाऊन बघण्यासारखं आहे का? काय तपासू?

उत्तर: जा, पण टॉर्च घेऊन जा. या बोटी ज्या पद्धतीने बनतात ना, साच्यात प्लॅस्टिकची पावडर टाकून साचा गरम करत फिरवायचा, त्याच पद्धतीने आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बनतात. त्यामुळे टाकीचे जे आजार तेच हिचे. ऊन हा पहिला. तळावरून हाताचं बोट फिरवा, खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागली आणि रंग विटलेला असला तर ती वर्षानुवर्षं उन्हात पडलेली आहे, प्लॅस्टिक कडक होऊन तडकायच्या बेतात असेल.

मग झाकण उघडून टॉर्च आत सोडा आणि बाहेरून बघा, दुपारी बघत असाल तर वर चादर धरा. जिथे प्लॅस्टिक झिजून पातळ झालंय तिथून उजेड जास्त झिरपतो. मागच्या टोकाला खाली हमखास दिसेल, कारण रिसॉर्टवाली पोरं बोट उचलत नाहीत, वाळूवरून फरफटत नेतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्कपरच्या भोकांच्या आतल्या कडा, तडे तिथून सुरू होतात आणि केसाएवढे बारीक असतात, नखाला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत. खात्री करायची तर आत एक बादली पाणी ओतून झाकण लावा आणि बोट दोन विटांवर ठेवून पाच-दहा मिनिटं गप्पा मारा. थेंब दिसला की कळलं. मालक नको म्हणाला तर त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

बारकी चीर असेल तर सोडून द्यायची गरज नाही, भाव पाडा. पण घरी येऊन एमसील लावत बसू नका, पॉलिथिनला एपॉक्सी धरत नाही, दोन फेऱ्यांत खपली निघते. त्याच प्लॅस्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करावं लागतं, अंबड-सातपूरला टाक्यांची कामं करणाऱ्यांकडे चौकशी करा. स्कपरच्या कडेचा तडा असेल तर मात्र नको, ती जागा दर वेळी माणसाच्या वजनाने दबते, वेल्डिंग किती टिकेल याचा भरवसा मी देणार नाही.

प्रश्न: मी पंचवटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहते, लिफ्ट नाही, गाडी म्हणजे ॲक्टिव्हा. हवा भरायची कयाक चालेल का की ते खेळणं आहे?

उत्तर: ताई, तुमच्यासाठी तीच. खेळणं नाहीये, रुंद असल्यामुळे स्थिरही असते. इंटेक्सची एक्सप्लोरर के२ बघा, ३१२ सेंटिमीटर लांब, ९१ रुंद, दोन सीटची, १८० किलोपर्यंत. एकटीने चालवायची तर एक सीट काढून दुसरी मधे सरकवायची. घडी करून बॅगेत ॲक्टिव्हाच्या पुढे बसते, पाय जरा आखडून घ्यावे लागतील.

तोटा वाऱ्याचा. ती पाण्यावर फुग्यासारखी वर बसते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की पॅडल मारूनही जागच्या जागी राहता, कधी कधी मागे जाता. सकाळी लवकर जा, नऊ-साडेनऊला परत काठाला, आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे दमल्यावर येताना वारा घरी आणतो. तळाला पंखासारखा तुकडा लावायचा असतो तो विसरू नका, त्याशिवाय भोवऱ्यासारखी फिरते. काठावर बाभळीचे काटे असतात, फुगवायच्या आधी ताडपत्री अंथरा आणि पॅच बरोबर ठेवा. फुगवून उन्हात सोडून चहाला गेलात तर आतली हवा तापून शिवणीवर ताण येतो, काठावर काढली की थोडी हवा सोडायची. आणि घरी नेऊन पूर्ण वाळवल्याशिवाय घडी नको, नाहीतर पुढच्या वेळी बॅग उघडल्यावर जो वास येईल तो तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्याला कळेल.

प्रश्न: मी निवृत्त, वय ६८, कॉलेज रोडला राहतो. एवढ्या लांब धरणावर जाण्यापेक्षा रामकुंडापासून टाकळीकडे नदीतूनच गेलो तर? किंवा नांदूर मध्यमेश्वरला, पक्षी पण बघून होतील. गुडघा थोडा दुखतो.

उत्तर: काका, दोन्हीकडे नको. शहरातल्या गोदेत गाळ, पाणवेली आणि काय काय सोडलेलं पाणी असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय, आणि वाटेत छोटे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी दिसायला गुडघाभर असतं पण खाली ते गोल घुसळतं आणि बोट, माणूस, ओंडका, जे सापडेल ते परत परत आत ओढतं, जॅकेट घातलेला माणूसही त्यातून सुटत नाही. पावसाळ्यात तर विचारच नको, गंगापूरमधून विसर्ग सुरू झाला की पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं हे आपण पुलावरून बघायचं, पाण्यातून नाही.

नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, २०२० मधे त्याला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय, दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथे स्वतःची बोट घालायची नाही, थंडीत दुर्बीण घेऊन काठावर बसा, तेच खरं सुख आहे. बाकी धरणांवरही पाण्यात उतरायच्या आधी तिथल्या पाटबंधारेच्या शाखेत विचारून घ्या, आपण पितो ते पाणी आहे. आणि विकत घ्यायच्या आधी इगतपुरी-वैतरणाकडच्या एखाद्या रिसॉर्टवर तासभर भाड्याने चालवून बघा.

गुडघ्याचं म्हणाल तर वर बसायचीच बोट, पाय आत कोंबायला लागत नाहीत. ती गुडघाभर पाण्यात उभी करा, घोड्यावर बसतो तसे दोन पाय दोन बाजूंना ठेवून आधी बूड सीटवर टेकवा, मग सावकाश एकेक पाय आत घ्या. उतरताना नेमकं उलटं. काठावरच्या दगडावरून थेट बोटीत पाय टाकायचा नाही, गुडघा तिथेच जातो, आणि चप्पल पट्टा असलेली घाला, चिखलात स्लिपर रुतून बसते आणि माणूस पुढे निघून जातो.